शाळेत विशेष गरजा असलेलं मूल: कोकणातले पालक आणि शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगडमधले पालक, शिक्षक आणि बऱ्याचदा आजी-आजोबा जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर बाकीचं राहू दे, प्रश्न 7 तेवढा वाचा.

1. मुलगा दुसरीत आहे, वर्गात मागे पडतो. त्याला ‘विशेष गरज’ आहे असं समजायचं का?

लगेच नाही. लावणीच्या दिवसांत बुडलेली शाळा, घरातलं आजारपण, वर्षात दोनदा बदललेले शिक्षक, यातलं काहीही कारण असू शकतं. सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं उतरवताना मूल शेजारच्याच्या वहीत बघत असेल तर बहुतेक वेळा त्याला फळाच दिसत नसतो. पावसाळाभर सर्दी आणि कानातून पाणी येणाऱ्या मुलाला शब्द अर्धवट ऐकू येतात, आणि घरचे म्हणतात, ‘लक्ष देत नाही’. दोन्ही तपासण्या सरकारी दवाखान्यात होतात.

हे ठीक असूनही अडचण राहिली तर दोन-तीन महिने एका वहीत तारखेसह लिहून ठेवा: काय जमतं, काय जमत नाही, कधी चिडतो. पुढे डॉक्टरांना आणि मानसतज्ज्ञांना ही वही फार उपयोगी पडते.

2. घरात आम्ही मालवणी बोलतो. मुलगी वहीतही ‘माका’ (मला), ‘खय’ (कुठे) असंच लिहिते. बाई म्हणतात, भाषेत कच्ची आहे. हा दोष आहे का?

नाही. ती तिच्या भाषेत पक्की आहे, शाळेची भाषा तिला नवी आहे. ओळखायची रीत सोपी आहे. तिला घरच्या बोलीत कालची एखादी घटना सांगायला लावा. क्रम बरोबर असेल, शब्द पटापट येत असतील तर काळजी नको. वर्षभरात पुस्तकी मराठी अंगवळणी पडेल. पण मालवणीतसुद्धा ती शब्दांसाठी चाचपडत असेल, किंवा ‘भायर जा, कळशी घे आणि आवशीक (आईला) दी’ यातलं एकच काम करून थांबत असेल, तर तपासणी करून घ्या.

कातकरी, कोळी किंवा कोकणी मुसलमान घरांतल्या मुलांनाही हेच लागू आहे. तपासणीला जाल तेव्हा घरची बोली कोणती हे मानसतज्ज्ञांना आपणहून सांगा. परक्या भाषेत विचारलेल्या प्रश्नांवर मुलाची बुद्धी मोजली जाणं मला अन्यायाचं वाटतं, आणि असं होताना दिसतं.

3. अध्ययन अक्षमता म्हणजे नेमकं काय? मराठी लिहिता-वाचताना ती कशी दिसते?

बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली, डोळे-कान ठीक, शिकवणारे आहेत, तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांतलं काहीतरी सतत अडतं. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीला डिस्ग्राफिया आणि आकड्यांच्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. एकाच मुलात दोन-तीनही असू शकतात.

किनाऱ्यावरच्या एका गावातल्या चौथीच्या मुलाच्या वहीचं पान सांगतो. ‘समुद्र’ हा शब्द त्या पानावर तीनदा आला होता. एकदा ‘समुद’, एकदा ‘सुमद्र’, एकदा ‘समद्रु’. तोच मुलगा भरती-ओहोटीचं गणित तिथीवरून तोंडी सांगायचा, कोणत्या वाऱ्यात कुठली मासळी लागते हेही. धडा वाचून दाखवला की प्रश्नांची उत्तरं बरोबर द्यायचा, तोच धडा स्वतः वाचायला घेतला की दुसऱ्या ओळीवर घाम फुटायचा.

देवनागरीत ठळकपणे दिसतात ती लक्षणं अशी: काना-मात्रा गळणं, जोडाक्षर फुटणं किंवा त्यातलं एक अक्षर खाल्लं जाणं, भ-म, घ-ध, ब-व, प-ष यांची अदलाबदल, सुटी अक्षरं ओळखूनही शब्द जोडता न येणं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका यात धरू नका, त्या मोठ्या माणसांच्याही होतात. एकच शब्द एकाच पानावर वेगवेगळ्या प्रकारे चुकत असेल तर मात्र लक्ष द्या.

हा आळस नव्हे आणि आजारही नव्हे. ती आयुष्यभर सोबत राहते, पण योग्य पद्धतीने शिकवलं तर मूल वाचायला शिकतं.

4. तपासणी कुठे होते? पैसे लागतात का?

सरकारी व्यवस्थेत मोफत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला उशीर ते बघतात. पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत हजर असेल एवढं बघा, आणि तुमची शंका बाईंकडे आधीच लिहून द्या. तीस-चाळीस मुलं तपासायच्या घाईत न बोलणारं पण शांत बसणारं मूल सहज सुटतं. पथक पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं.

शाळेकडे ‘प्रशस्त’ नावाचं अ‍ॅप आहे, एनसीईआरटी या राष्ट्रीय शिक्षण संस्थेने 2022 मध्ये आणलेलं. त्यात पहिली तपासणीसूची वर्गशिक्षक भरतात, दुसरी विशेष शिक्षक. हे निदान नव्हे, पुढे कुणाकडे पाठवायचं ते ठरवण्यापुरतं आहे. अ‍ॅपवरून कुणी ‘तुमचं मूल अमुक आहे’ असं सांगितलं तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका.

5. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड एकच का? कसं काढायचं?

प्रमाणपत्र डॉक्टरांचं मंडळ तपासून देतं, आणि त्याच अर्जातून यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्ड, हे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. महा ई-सेवा केंद्रात भरून मिळतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि असतील ते वैद्यकीय कागद सोबत ठेवा. कार्डाचा रंग टक्केवारीवर ठरतो: 40 टक्क्यांखाली पांढरा, 40 ते 80 पिवळा, त्यावर निळा.

मुख्य तपासणी जिल्हा रुग्णालयात, म्हणजे रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागला. निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: त्या दिवशी मंडळ बसतं का, आणि मानसतज्ज्ञ हजर आहेत का. मंडणगडहून रत्नागिरीला पहिल्या एसटीने जाऊन ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकलेले पालक खूप आहेत. अस्थिव्यंग असेल तर मानसतज्ज्ञ लागत नाहीत, पण स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक दिव्यांगत्व आणि अध्ययन अक्षमता यांत त्यांच्यावाचून काम होत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकार आहेत. अंधत्व, कर्णबधिरता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात), स्वमग्नता, अध्ययन अक्षमता तर आहेतच; सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियासुद्धा आहेत, जे पुष्कळांना माहीत नसतं.

6. मुलगी सहा वर्षांची आहे. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मागितलं तर परत पाठवलं. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षाच्या आत देत नाहीत, कारण त्याआधी बरीच मुलं नुसती उशिरा वाचायला लागलेली असतात. पुढे 14व्या आणि 18व्या वर्षी पुन्हा तपासणी होते, 18व्या वर्षी मिळणारं प्रमाणपत्र कायमचं असतं. दहावीच्या तोंडावर 14 वर्षांनंतरची तपासणी राहून गेलेली असते आणि मग धावपळ होते, म्हणून ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ही वयाची अट फक्त अध्ययन अक्षमतेला आहे. स्वमग्नता, श्रवणदोष, सेरेब्रल पाल्सी यांसाठी आठ वर्षं थांबणं म्हणजे हातची सर्वांत मोलाची वर्षं घालवणं. दोन वर्षांचं मूल बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल तर ‘बापूस पण उशिरा बोललो होतो’ असं म्हणत बसू नका. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला, पण त्याच आठवड्यात प्रश्न 4 मधली तपासणीही करा.

7. प्रमाणपत्र हातात नाही, तोवर शाळेला काही करता येणार नाही, असं मुख्याध्यापक म्हणतात. बरोबर आहे का?

बरोबर नाही. या पानावर एवढी एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: वर्गातली मदत कागदासाठी थांबत नाही.

प्रमाणपत्र लागतं ते मंडळाच्या परीक्षेतल्या सवलतींना, शिष्यवृत्तीला, प्रवासभत्त्याला, आरक्षणाला. वर्गात पुढच्या बाकावर बसवायला प्रमाणपत्र लागत नाही. तोंडी उत्तर घ्यायला, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील कागद द्यायला, दहाच्या जागी पाच गणितं द्यायला, प्रश्न दोनदा वाचून दाखवायलाही लागत नाही. यातल्या कशालाही शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी नको. 2016 च्या कायद्याचं कलम 16 शाळेवर ज्या जबाबदाऱ्या टाकतं, त्यांतल्या या तीन: भेदभाव न करता प्रवेश देणं, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करणं आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं. म्हणजे ओळखण्याचं काम शाळेचंही आहे, नुसतं पालकांचं नाही.

अर्ज, तारीख, मंडळ, कार्ड या सगळ्यात सहा महिने सहज जातात. तिसरीतल्या मुलाचं अर्धं वर्ष तसंच गेलं तर चौथीत ते मूल प्रयत्न करणं सोडून देतं. नंतर कार्ड येतं, पण मुलाची उमेद परत आणायला फार वेळ लागतो. मुख्याध्यापकांशी भांडू नका. वर्गातल्या दोन ठोस सोयी कागदावर लिहून न्या आणि ‘एवढं सोमवारपासून करता येईल का?’ असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.

8. मी शिक्षिका आहे. दोन शिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र, पटावर चौदा मुलं, त्यात एक स्वमग्न मुलगा. विशेष प्रशिक्षण नाही. मी काय करू?

आधी एक दिलासा. पटावर चौदा मुलं असणं ही सरकारी तक्त्यात अडचण असेल, पण या मुलाच्या दृष्टीने ती मोठीच सोय आहे. शहरातल्या पन्नासच्या वर्गात त्याला जे मिळणार नाही ते तुमच्याकडे आहे: तुम्हाला त्याचं घर, त्याची वाडी, त्याची आजी माहीत आहे.

दिवस ठरावीक ठेवा आणि तो चित्रांत दाखवा. परिपाठ, वाचन, खिचडी, खेळ, घर अशी पाच चित्रं पुठ्ठ्यावर लावा, काम झालं की एकेक चित्र उलटं करायचं. पुढे काय होणार हे कळलं की अर्धी चिडचिड थांबते. सूचना छोट्या द्या, एका वेळी एक. ‘दंगा करू नको’ यातून त्याला काहीच कळत नाही, ‘इथे बस’ हे कळतं.

आवाजाकडे लक्ष द्या. आपल्याकडच्या किती शाळांवर पत्रे आहेत, आणि जुलैतल्या पावसात पत्र्याखाली तुमचा स्वतःचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. अशा वेळी हा मुलगा कान दाबून ओरडत असेल तर त्याला खरोखर त्रास होत असतो. व्हरांड्याचा किंवा ऑफिसचा एक कोपरा त्याच्यासाठी ठरवून ठेवा, तिथे पाच मिनिटं बसून तो परत येईल. त्याच पावसात श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलालाही काही ऐकू येत नाही, म्हणून पावसाची मोठी सर आली की तोंडी शिकवणं थांबवून लिहायचं, चित्राचं काम घ्या.

श्रवणयंत्राचा विषय निघालाच आहे तर: कोकणातल्या दमटपणात ती यंत्रं भराभर बिघडतात. रात्री बॅटरी काढून यंत्र सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला पालकांना सांगा.

खिचडी तो खात नसेल तर सक्ती नको, घरचा डबा चालू द्या. गणपतीच्या आणि शिमग्याच्या सुट्टीनंतर तो विस्कटून येईल हे धरून चाला. घरात पाहुण्यांची गर्दी, ढोल, फटाके, बदललेल्या जेवणाच्या वेळा, सगळं त्याच्यासाठी उलटंपालटं झालेलं असतं. सुट्टीआधी आठवडाभर घरातल्या बदलांची चित्रं दाखवून ठेवलीत तर परत येणं सोपं जातं.

आणि एक करू नका: त्याला मागे बसवून हातात रंगाचा खडू देऊन वर्षभर ‘शांत’ ठेवू नका. सगळ्या वर्गाला जी गोष्ट सांगता, तिच्यातला एक प्रश्न त्याच्यासाठी ठेवा.

9. विशेष शिक्षक महिन्यातून एखाददा येतात. तेवढ्यात काय होणार?

मुलाला त्यांनी शिकवण्याने फार होणार नाही. पण त्या तासात त्यांच्याकडून तुम्ही शिकलात तर बरंच होईल. समग्र शिक्षा या सरकारी योजनेअंतर्गत हे शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रातून येतात आणि एकेकाकडे डोंगरदऱ्यांतल्या कित्येक शाळा असतात. सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालात प्राथमिक स्तरावर 10 विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केलं. 2024 मध्ये राज्याने केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटागटासाठी, 4860 विशेष शिक्षकांची पदं निर्माण केली. कागदावरची पदं प्रत्यक्ष तुमच्या केंद्रात भरली का, हे केंद्रप्रमुखांना विचारत राहा.

ते येतील त्या दिवशी आईला शाळेत बोलवा. पुढच्या महिन्याभरात घरी आणि वर्गात करायची दोन कामं त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या. पुढच्या भेटीची सुरुवात त्याच पानावरून करा.

10. इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेने ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून प्रवेश नाकारला. चालतं का?

नाही. दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घेणंही शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही. नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर पुष्कळदा नकाराचं ‘बघू’ होतं.

खाजगी विनाअनुदानित शाळांतल्या 25 टक्के मोफत जागांमध्ये दिव्यांग मुलं वंचित गटात धरली जातात. 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, उत्पन्नाची अट नाही. मात्र अर्ज ऑनलाइन, ठरलेल्या मुदतीत आणि प्रवेशाच्या पहिल्या वर्गासाठीच.

11. गावची शाळा बरी की विशेष शाळा?

कायदा निवड तुमच्यावर सोपवतो. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

माझं मत विचाराल तर: बहुतेक मुलांसाठी आधी गावची शाळा, गरजेप्रमाणे मदतीसह. वाडीतली मुलं त्याला ओळखतात, आणि उद्या तो मोठा होऊन राहणार आहे याच माणसांत. अपवाद आहेत. पूर्ण कर्णबधिर मुलाला खाणाखुणांची भाषा येणारं एकही माणूस आजूबाजूला नसेल, तर विशेष शाळेत त्याला पहिल्यांदा मनातलं बोलता येतं, आणि तिथे पाठवणं योग्यच. निवासी शाळा असेल तर वसतिगृह, स्वच्छतागृह आणि रात्री मुलांजवळ कोण असतं हे स्वतः बघून या. पटलं नाही तर मूल परत गावच्या शाळेत आणता येतं. वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

12. मुलगी व्हीलचेअरवर आहे. घर खालच्या वाडीत, शाळा वर, मध्ये जांभ्याच्या पायऱ्या आणि वहाळावर साकव. शाळेत पोचायचं कसं?

समग्र शिक्षेत पात्र मुलांना प्रवासभत्ता मिळतो आणि सोबत नेणाऱ्या माणसासाठी मदतनीस भत्ता असतो. दिव्यांग मुलींना महिना 200 रुपयांप्रमाणे वर्षात 10 महिने प्रोत्साहन भत्ता वेगळा, बँक खात्यात. रक्कम लहान आहे, पण खातं उघडलं नाही म्हणून तीही बुडते. एसटीत प्रमाणपत्रावर तिकिटात 75 टक्के सवलत आहे. व्हीलचेअर, कॅलिपर (पायाला लावायचा आधार), श्रवणयंत्रं समग्र शिक्षेच्या साहित्य शिबिरांतून मिळतात. मापं घेण्याच्या दिवशी मूल हजर हवं, नाहीतर दुसऱ्याच्या मापाची खुर्ची येते.

रस्त्यासाठी ग्रामपंचायतीकडे जा. स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. ग्रामसभेत लेखी मागणी द्या आणि ती इतिवृत्तात आली का ते बघा.

शाळेचा रॅम्प बांधतानाच उभं राहून बघा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे माप. बऱ्याच शाळांत पायऱ्यांवर सिमेंट ओतून घसरगुंडी केलेली असते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट हवीच: गुळगुळीत घोटलेल्या रॅम्पवर जूनअखेर शेवाळ धरतं, मग त्यावरून धडधाकट माणूसही घसरतो. पृष्ठभाग खरखरीत, दोन्ही बाजूंना कठडा, वर पत्र्याची झड आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा खराटा.

13. मूल उठून बसूही शकत नाही. त्याचं शिक्षण संपलं का?

नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीपासून बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा हक्क आहे. त्यासाठी मुलाचं नाव शाळेच्या पटावर असलं पाहिजे. विशेष शिक्षक घरी येऊन शिकवतात आणि आईलाही दाखवतात. इथे अभ्यास म्हणजे भूक लागली, दुखतंय, नको, हवं हे सांगता येणं, स्वतःच्या हाताने घास घेणं. वर्षातून काही दिवस, पंधरा ऑगस्ट असो की स्नेहसंमेलन, त्याला शाळेत न्या. वर्गातल्या मुलांना आपला हा एक सोबती आहे हे माहीत असायला हवं.

14. दहावीला कोणत्या सवलती मिळतात? केव्हापासून तयारी करायची?

तासाला 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक, गरजेप्रमाणे गणकयंत्र, दृष्टिदोष असेल तर आकृत्या-नकाशे-आलेखांतून सूट, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, काही प्रकारांत भाषा आणि गणितासाठी पर्यायी विषय, उत्तीर्ण होण्यासाठी कमाल 20 सवलतीचे गुण. कोणत्या प्रकाराला काय मिळतं ते शासनाच्या 2018 च्या निर्णयात प्रकारवार दिलं आहे, मुख्याध्यापकांकडून बघून घ्या. या सवलती पहिलीपासूनच्या परीक्षांना लागू आहेत, दहावीची वाट बघू नका.

प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीला आहे. रायगड मात्र मुंबई विभागात येतो, आणि इथे चुकीच्या पत्त्यावर कागद पाठवले जातात. पर्यायी विषय नववीपासून घ्यावा लागतो, म्हणून निर्णय आठवीत करा. गणित सोडण्याआधी शंभरदा विचार करा. आज सुटका वाटते, पण पुढे विज्ञान शाखेची आणि तंत्रशिक्षणाची बरीच दारं बंद होतात. नुसत्या जादा वेळाने आणि गणकयंत्राने भागतंय का, हे आधी सहामाहीत करून बघा.

लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा. त्याला आयत्या वेळी उभा करू नका. उत्तर तोंडी सांगून दुसऱ्याकडून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, नववीपासून सराव लागतो. परीक्षेच्या दिवशी आजारी पडला तर म्हणून दुसरा तयार ठेवा.

15. डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही) सांगितला. दुसऱ्या मुलाला ‘स्लो लर्नर’ म्हणाले. प्रमाणपत्र का मिळत नाही?

कारण 21 प्रकारांच्या यादीत दोन्ही स्वतंत्रपणे नाहीत. एडीएचडीसोबत अध्ययन अक्षमता किंवा स्वमग्नता असेल, आणि बऱ्याचदा असते, तर त्यासाठी प्रमाणपत्र मिळू शकतं. तशी तपासणी मागा. बुद्ध्यांक 70 ते 85 च्या मधला असलेली मुलं, म्हणजे ‘स्लो लर्नर’, मात्र खरोखर कात्रीत सापडतात. बौद्धिक दिव्यांगत्वात बसत नाहीत आणि वर्गाच्या वेगात टिकत नाहीत. त्यांच्याकरता कायद्यात काहीतरी हवं असं मला कळकळीने वाटतं. तोवर प्रश्न 7 मधल्या सोयी त्यांना पूर्ण लागू आहेत आणि दहावीसाठी प्रश्न 20 बघा.

16. प्रमाणपत्र 30 टक्क्यांचं आलं. उपयोग शून्य?

शून्य नाही. 40 टक्के ही अट आरक्षण, भत्ते, मोफत जागा अशा लाभांना आहे. भेदभाव न होणं आणि वर्गात गरजेप्रमाणे सोय हे हक्क टक्केवारीवर अवलंबून नाहीत. निर्णय पटला नाही तर अपील करता येतं.

17. आई-वडील मुंबईला, नातू आमच्याकडे गावात. कागदपत्रांवर सही कुणाची? मुंबईत काढलेलं प्रमाणपत्र इथे चालतं का?

चालतं. ते देशभर वैध असतं, पुन्हा काढू नका. सह्यांसाठी आई-वडिलांनी शाळेला एक पत्र द्यावं की रोजच्या बाबतीत आजी-आजोबांनी निर्णय घेतलेला चालेल, आणि दोघांचे फोन नंबर त्यात असावेत. गणपतीत किंवा मे महिन्यात चाकरमानी घरी येतात तेव्हा शाळा नेमकी बंद असते, त्यामुळे आई-वडील आणि बाईंची वर्षानुवर्षं भेटच होत नाही. महिन्याला एक व्हिडिओ कॉल ठरवून घ्या. आजोबा, फाइल मात्र तुमच्याकडे ठेवा. मूळ कागद मुंबईला आणि मूल गावात अशी ताटातूट नको.

18. मुलं त्याला ‘येडो’ म्हणतात. एकदा शिक्षकांनीही मारलं.

शिक्षकाने मारणं, अपमान करणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार गुन्ह्यासारखंच गंभीर, शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र. कुठल्याही कारणाने खपवून घेऊ नका. तक्रारीची वाट प्रश्न 21 मध्ये आहे. मुलांचं चिडवणं वेगळं. त्यांना सरळ भाषेत सांगितलं की कळतं: ‘त्याला आवाजाचा त्रास होतो, म्हणून तो कान झाकतो.’ मुलाच्या आईने वर्गात येऊन हे सांगितलं तर सगळ्यात चांगलं. त्याला येणारं एखादं काम, घंटा देणं, खडू आणणं, झाडांना पाणी, त्याच्या नावावर लावा.

19. आता पाचवी-आठवीला नापास करतात म्हणे. आमच्या मुलाचं काय?

वार्षिक परीक्षा होते, अनुत्तीर्ण झाल्यास पुरवणी परीक्षेची संधी असते, त्यानंतर त्याच वर्गात ठेवता येतं. पण आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही, आणि सवलती या परीक्षांनाही आहेत. मूल मागे ठेवायची वेळ आली तर विचारा: वर्षभर कोणत्या सोयी दिल्या? उत्तर नसेल तर तोच वर्ग पुन्हा करून काही बदलणार नाही.

20. नेहमीच्या पद्धतीने दहावी होणारच नाही असं दिसतंय. पुढे?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएसमधून 14 वर्षं पूर्ण झाल्यावर दहावी करता येते. विषय निवडता येतात, एकेक करून देता येतात, घाई नाही. त्याआधीचे टप्पेही तिथे आहेत. शाळा सोडून द्यायची नसेल तर शाळेच्या वातावरणात राहून मुक्त विद्यालयाची परीक्षा देता येते का, हे मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा. सोबत हाताचं काम शिकू द्या: रोपवाटिकेत कलमं बांधणं, काजू सोलणं-प्रतवारी, पापड-कोकमाचे उद्योग. ज्या कामाचे टप्पे ठरलेले असतात ते अशा मुलांना उत्तम जमतं, आणि आपल्या जिल्ह्यात ते काम आहे.

मूल 18 चं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करा. याच गटासाठी एक लाख रुपयांपर्यंतचा ‘निरामय’ आरोग्य विमा आहे, तो लहानपणीच काढता येतो.

21. शाळा ऐकतच नाही. तक्रार कुठे करायची?

आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज आणि त्याची पोच. मग शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, ते तुमच्याच गावचे. त्यापुढे केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील होतं. दिव्यांगत्वामुळे भेदभाव झाला असेल तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही थेट अर्ज करता येतो, पोस्टाने पाठवला तरी चालतो. अर्जात काय झालं, कोणत्या तारखेला आणि तुम्हाला नेमकं काय हवंय, एवढंच लिहा, एका पानात. प्रश्न 1 मधली वही इथे जोडा.